पिवळ्याची कावीळ

रक्त तपासायच्या त्या केंद्रात टोचायच्या खुर्च्या दोन होत्या, पण रांग एकाच खुर्चीपुढे लागायची. दुसऱ्या खुर्चीपाशी उभी असलेली मुलगी काही वाईट नव्हती, हातही बरा होता तिचा, पण लोक तिला गोड हसून म्हणायचे, "असू दे, आम्ही थांबतो." थांबायचे ते सुईताईसाठी. हे नाव लोकांनीच पाडलेलं. चांगली आडदांड माणसंसुद्धा दारातून मान आत घालून विचारायची, "सुईताई आहेत ना आज?" आणि आहेत म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

तिची एक ठरलेली पद्धत होती. माणूस खुर्चीत टेकला की ती त्याच्याशी भलतंच काहीतरी बोलायला लागायची. चप्पल नवी दिसते, चावत नाही ना? येताना चालत आलात की कुणी सोडलं? बोलता बोलता दंडाला पट्टा बसायचा. "मूठ वळा. लांब श्वास घ्या. त्या घड्याळाकडे बघा. झालं." हे "झालं" ती म्हणायची तेव्हा खरं तर काहीच झालेलं नसायचं. सुई नेमकी तेव्हाच आत जायची. पण "झालं" कानावर पडलं की माणसाचा हात आपोआप सैल व्हायचा, आणि सैल पडलेल्या हाताला सुई फारशी कळत नाही. एक निवृत्त पोस्टमन दर खेपेला तिच्याशी भांडायचे, "ताई, तुम्ही धडधडीत खोटं बोलता," आणि पुढच्या खेपेला पुन्हा तिच्याच रांगेत उभे. गंमत अशी की आपण असं काही बोलतो याचा सुईताईला पत्ताच नव्हता. आपण फक्त टोचतो, एवढंच तिला वाटायचं.

अशी ही बाई. तिचा हात कधी थरथरला नाही असं सगळे सांगायचे, आणि ते खरंही होतं. थरथरला नाही, पण एकदा थिजला. तीच गोष्ट सांगायची आहे. मात्र आधी तिच्या आईबद्दल सांगायला हवं, कारण आईला वगळून या बाईचं काहीच कळणार नाही.

आई फार मायाळू. इतकी की लेकीच्या कपाळावर एक आठी तिला बघवायची नाही. सुईताई शाळेत पोहायची, चांगली पोहायची. एका शर्यतीत मागे पडली आणि डोळे सुजवून घरी आली. आईने टॉवेलने तिचे केस पुसले आणि म्हणाली, "सोड गं. एवढं काय त्यात." पोहणं सुटलं. मग गाणं आलं. गाण्याच्या बाई चारचौघांत ओरडल्या, आईने पाठीवरून हात फिरवला, "सोड गं." गाणं सुटलं. पुढे नर्सिंगच्या कोर्सला गेली, दुसऱ्या वर्षी एका विषयात अडकली, धड जेवेना, धड झोपेना. आईने गरम दूध पुढे ठेवलं आणि तेच म्हणाली. कोर्स सुटला, तिथे शिकलेलं टोचणं तेवढं हाताशी राहिलं आणि त्यावर पुढे पोट भरलं.

आता एखाद्या कडक आईबापाने दटावून बंद केलं असतं, तर पोरीने निदान आदळआपट केली असती, दार आपटलं असतं, हट्टाने पुन्हा तेच केलं असतं. पण पाठीवर हात ठेवून सांगितलेल्या गोष्टीशी भांडायचं कसं? ती भांडली नाही. आईचं बरोबरच असेल असं तिला प्रत्येक वेळी वाटलं, आणि प्रत्येक वेळी काही दिवसांनी पोटात कुठेतरी रिकामं रिकामं वाटलं. ते तिने कुणाला सांगितलं नाही.

चाळिशी उलटली आणि दिवसभर वाकून वाकून तिचा उजवा खांदा धरला. व्यायाम सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, खांदा सुटेल, पण पाठ बळकट करायची तर काहीतरी ओढत जा. त्यांच्या इमारतीच्या मागे एक मैदान होतं, आणि तिथे काही लोक खरोखरच ओढत होते. धनुष्याची दोरी. सुईताई कुंपणापाशी उभी राहून बघत बसली. तिथल्या शिकवणाऱ्या सरांनी हाक मारली, "ओढून बघायचंय का?" तिने ओढून बघितलं. त्या दिवशी घरी यायला तिला उशीर झाला आणि खोटं कारण सांगावं लागलं.

बघता बघता ती त्यात पार बुडाली. रविवार सकाळ मैदानावर जायला लागली. नवरा म्हणायला लागला की घरात आता बायको कमी आणि बाण जास्त. हा नवरा लोकांना गाडी शिकवायचा. त्याच्या गाडीत त्याच्याही पायाशी एक ब्रेक होता, आणि त्यामुळे जगात कशाचीच फार घाई नाही असं त्याचं ठाम मत झालं होतं. सासूबाई, म्हणजे सुईताईची आई, त्याच्याच घरी राहायच्या आणि दोघांचं उत्तम जमायचं, कारण दोघांनाही सुईताईला चिडवायला आवडायचं.

मैदानावरच्या त्या धनुर्विद्येच्या क्लबातले सगळे सरांना मागून "हळूसर" म्हणायचे. वयाने तिशीतले, एका शाळेत मास्तर, आणि कुणी काहीही विचारलं तरी उत्तराची सुरुवात "हळू" अशी. खेळाडूच्या मनाबद्दल त्यांनी भरपूर वाचलं होतं आणि ते वाचलेलं सगळ्यांच्या गळी उतरवायचा त्यांना ध्यास होता. श्वास मोजा, मनात चित्र बघा, दर बाणाआधी तेच ते तसंच्या तसं करा. लोक मान डोलवायचे आणि बाण मारायला पळायचे.

आणि मग एका हिवाळ्यात सुईताईला कावीळ झाली.

ही त्या मैदानावरची कावीळ बरं का. निशाणाच्या कागदावर बाहेरून पांढरं, काळं, निळं, लाल आणि मधोमध पिवळं असतं. दोरी ओढून हनुवटीखाली टेकवायची, धनुष्याला लावलेला नेमाचा ठिपका पिवळ्यावर न्यायचा, बोटं सैल करायची, की बाण गेला. आता काही जणांचं असं होतं की एके दिवशी तो ठिपका पिवळ्यावर जायलाच तयार होत नाही. लालपर्यंत छान येतो आणि पिवळ्याच्या कडेशी अडतो. ढकलला तर हात लाकडासारखा होतो, बोटं दोरीला चिकटून बसतात. माणूस घामाघूम होतो आणि शेवटी बाण कुठेतरी वेडावाकडा सुटतो. नव्या माणसाला हे होत नाही. ज्याला पिवळं फार हवंसं वाटायला लागतं त्याला होतं. क्लबात याला कावीळ म्हणायचे, आणि ज्याला झाली त्याच्या शेजारी उभं राहायला लोक कचरायचे.

सुईताईला ती झाली ती अगदी नको त्या वेळी. दुसऱ्या शहरात स्पर्धा होती आणि आपल्या शहराच्या संघात बायकांच्या तीन जागा होत्या. दोन जणी पक्क्या होत्या. तिसऱ्या जागेसाठी दोघी, सुईताई आणि एका बँकेत काउंटरवर बसणारी बाई, जिला सगळे बँकवाली म्हणायचे. निवडीचा रविवार ठरला होता. आणि सुईताईने मनाशी पक्कं केलं होतं: त्या दिवशी हात थिजला, तर धनुष्य क्लबच्या कपाटात परत ठेवायचं आणि पुन्हा मैदानाकडे फिरकायचं नाही. जागा मिळो न मिळो, तो वेगळा प्रश्न. पण आयुष्यात पहिल्यांदाच कशाचा तरी एवढा लळा लागला होता, आणि तिथेही आपलाच हात आपलं ऐकणार नसेल तर रोज उठून ते बघत बसायची तिची तयारी नव्हती. हे तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. अशा गोष्टी ती पोटातच ठेवायची.

आईपर्यंत मात्र काविळीची बातमी पोचली, आणि पोचली ती अशी. नवरा फोनवर हळूसरांशी बोलत होता आणि आई पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होती. "हो ना सर, कावीळच झालीये तिला. नाही, बरेच दिवस झाले. चेहरा बघवत नाही हो तिचा." आईच्या हातातली घडी हातातच राहिली.

संध्याकाळी ताटात आलं ते सगळं उकडलेलं. बिनतेलाचं, बिनतिखटाचं, जवळजवळ बिनरंगाचं. सुईताईला वाटलं आईला बरं नसेल. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी आईने तिला खिडकीपाशी नेलं आणि खालची पापणी ओढून डोळ्यात बघितलं.

"आई, काय चाललंय तुझं?"

"काही नाही. उतरतेय हळूहळू," आई म्हणाली.

"काय उतरतंय?"

"माझ्यापासून लपवायचं काय त्यात? जावईबापूंना सांगितलंस, मास्तरांना सांगितलंस. मीच तेवढी परकी."

सगळा उलगडा व्हायला बराच वेळ गेला, कारण नवरा हसून हसून खाली बसला होता आणि त्याला धड बोलता येत नव्हतं. "कावीळ हिला आणि पथ्य मला," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. सुईताईही हसली. "अगं, मी दिवसभर लोकांचं रक्त काढते, मला कावीळ झाली तर मला नाही का कळणार?" मग तिने पिवळं म्हणजे काय, ठिपका म्हणजे काय, हात कसा अडतो, सगळं आईला नीट सांगितलं. सांगता सांगता तिचं हसू गेलं, तेही आईला दिसलं.

आईचा जीव मात्र शांत झाला होता. "हात्तिच्या, एवढंच होय," ती म्हणाली आणि लेकीच्या पाठीवर हात ठेवला. "मग सोड की गं. खेळच तर आहे."

सुईताईने डबा उचलला आणि कामावर गेली.

त्या आठवड्यात हळूसरांनी एकामागून एक सगळे उपाय काढले. निशाणाच्या अगदी जवळ उभं करून, कागदच काढून टाकून, डोळे मिटून बाण मारायला लावले. ते तिला छान जमायचे. बोटं लोण्यासारखी सुटायची. कागद लावला, लांब गेली, पिवळं दिसलं की संपलं. मग सर म्हणाले, "हळू. डोळे मिटा आणि मनात बघा, बाण सुटला, पिवळ्यात लागला." सुईताईने प्रामाणिकपणे डोळे मिटले. मनातल्या मैदानावरही तिचा हात अडला. डोळे उघडून तिने हे सरांना सांगितलं तेव्हा पुस्तकात पुढे काय लिहिलंय ते सरांना पटकन आठवेना.

नवऱ्याने आपल्या परीने डोकं लावलं. त्याने विचारलं, "तिथे उभी असतेस तेव्हा मनात काय म्हणतेस?"

"अडकू नको, अडकू नको."

"मग अडकणारच. मी शिकायला आलेल्याला 'खांबाला धडकू नका' असं कधीच म्हणत नाही. खांब म्हटलं रे म्हटलं की डोळे खांबावर आणि गाडी डोळ्यांच्या मागे. मी म्हणतो, दोन्ही खांबांच्या मधून घ्या. तू पण काय करायचं ते म्हण ना. काय करायचं नाही ते कशाला घोकतेस?"

हे सरांना फार आवडलं. त्यांनी लगेच तीन शब्द ठरवून दिले. दोरी ओढताना "ओढ", हनुवटीशी आली की "टेक", आणि मग "सोड". क्लबातल्या निम्म्या लोकांचा हाच मंत्र होता आणि त्यांना लागू पडला होता. सुईताईने म्हणून बघितला. ओढ, ठीक. टेक, ठीक. सोड म्हटलं आणि हात असा काही थिजला की त्याआधी कधी थिजला नव्हता. ठिपका लालवरून निळ्यावर घसरला. खांद्यात कळ आली. तिने दोरी तशीच हळूहळू पुढे जाऊ देत उतरवली, बाण भात्यात ठेवला आणि बाकावर जाऊन बसली. पलीकडे बँकवालीचे बाण टप टप लागत होते. सरांनी जवळ येऊन, पहिल्यांदाच 'हळू' न म्हणता, तिचं धनुष्य उचलून ठेवलं.

त्यानंतर सर एका सकाळी तपासणी केंद्रात आले. शाळेने सगळ्या मास्तरांना तपासण्या करून घ्यायला सांगितलं होतं. सुईताईने त्यांना दारात बघितलं आणि ओळखलंच नाही, इतका त्यांचा चेहरा उतरला होता. मैदानावर सगळ्यांना शांत राहायला शिकवणारा हा माणूस सुईला भयंकर घाबरायचा. खुर्चीत बसताना ते म्हणाले, "ताई, कुणाला सांगू नका, पण मागच्या वेळी मी पडलो होतो."

"कोण सांगतंय? शर्ट छान आहे हो सर. इस्त्री घरी करता की बाहेर?"

"बाहेर. म्हणजे कॉलर घरी."

"कॉलर घरी? हे काय नवीनच. मूठ वळा. लांब श्वास घ्या. त्या घड्याळाकडे बघा. झालं."

सरांनी मान वळवून बघितलं तेव्हा नळीत रक्त चढत होतं. ते पडले नाहीत. कापूस दाबून धरून बसून राहिले आणि सुईताईकडे टक लावून बघत राहिले.

"ताई, काय म्हणालात मघाशी?"

"कॉलरचं?"

"त्याच्यानंतर."

तिला आठवेना. दुसऱ्या खुर्चीपाशी रिकामी उभी असलेली मुलगी म्हणाली, "त्या 'झालं' म्हणतात. दिवसभर तेच म्हणतात. माझ्या तर स्वप्नातही येतं."

"मी म्हणते?" सुईताईने विचारलं. रांगेतल्या तीन-चार जणांनी एकदम होकार दिला. पोस्टमन काका तर उठूनच उभे राहिले, या विषयावर त्यांना बरंच बोलायचं होतं.

सर म्हणाले, "मी तुम्हाला गेले कित्येक दिवस जे शिकवायला बघतोय ते तुम्ही इथे रोज करता. आधी मन दुसरीकडे. मग तोच श्वास, तीच नजर, तोच शब्द. माझा हात तुम्ही सैल केलात, ताई. स्वतःचा का नाही करत?"

सुईताईने हातमोजे काढले. रांगेला जरा थांबा म्हणाली, हे तिने त्याआधी कधी केलं नव्हतं, आणि सरांना बाहेरच्या व्हरांड्यात नेलं. तिथे पाण्याच्या पिंपाशेजारी उभी राहून तिने त्यांना पोहण्याचं सांगितलं, गाण्याचं सांगितलं, कोर्सचं सांगितलं.

"सर, तुम्ही 'सोड' म्हणायला लावता ना, ते म्हटलं की मला वाटतं कुणीतरी मला घरी बोलावतंय. आता ये घरी, बास झालं. मग बाण कसा सोडू? मला वाटतं मी धनुष्यच सोडतेय."

हळूसरांनी हातावरचा कापूस काढला आणि बाही खाली केली. शब्द द्यायच्या आधी माणसाला विचारायला हवं होतं, एवढं ते म्हणाले. मग म्हणाले, "तो शब्द आपण काढून टाकू. तुमचा तुमच्याकडे आहे."

नवा शब्द लागू पडला म्हणजे जादू झाली असं कुणी समजू नये. पहिल्या दिवशी तिला स्वतःला "झालं" म्हणायची लाजच वाटली, रोग्याशी बोलतोय असं वाटायला लागलं. पण हळूहळू घडी बसली. पाय रोवायचे, श्वास, ओढ, टेक, मग मनातल्या मनात "झालं", तेही होण्याच्या आधी, आणि बोटं आपोआप उलगडायची. अडायचा हात, नाही असं नाही. अडला की दोरी उतरवायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. ते तर ती कामावर नेहमीच करायची. नस सापडली नाही तर ती खुपसत बसायची नाही, हात खाली ठेवायची, पुन्हा चाचपायची.

आईला हे सांगणं सगळ्यात अवघड होतं. सांगायचं नाही असंच तिने ठरवलं होतं, पण एका दुपारी दोघी मटार सोलत बसल्या होत्या आणि आईने सहज विचारलं, "मास्तरांचा तो मंत्र जमला का गं?" आणि मग सांगितलं गेलं. आवाज न चढवता, बोट न दाखवता, पण सगळं.

आई ऐकत राहिली. सोललेले दाणे टरफलांत पडत होते आणि टरफलं दाण्यांत, दोघींनाही कळत नव्हतं.

"मला वाटायचं," ती शेवटी म्हणाली, "मी तुझं ओझं उतरवतेय."

"उतरवलंसच की गं."

"नाही. मी ओझ्याबरोबर तुझी गाठोडीच काढून घेतली." तिने पदराने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. सुईताईला तिच्याबद्दल इतकं वाईट वाटलं की आता आपणच "सोड गं" म्हणणार होतो हे तिच्या लक्षात आलं. ती वेळेवर थांबली.

त्या दिवसापासून आईने तो शब्दच टाकला. आणि मराठी बोलणाऱ्या माणसाने हा शब्द टाकायचा म्हणजे काय आपत्ती असते ते त्या घराने बघितलं. "नळ स—" म्हणून ती थांबायची आणि "नळ उघड" म्हणायची. केस मोकळे कर, भाजीत पाणी घाल, मांजराला बाहेर जाऊ दे. नवऱ्याने एकदा मुद्दाम विचारलं, "आई, मला नाक्यापर्यंत गाडीने कोण काय करणार?" आईने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो चालत गेला.

निवडीच्या रविवारी सकाळी मैदानावर वारा होता. आई पहिल्यांदाच आली होती. तिला मागे दोरीच्या पलीकडे खुर्ची दिली होती आणि तिने पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. नवरा शेजारी उभा. सुईताईने वळून बघितलं नाही.

सुरुवात बरी झाली. मधेच वाऱ्याने एक बाण पार पांढऱ्यात नेऊन टाकला, पण तो वाऱ्याचा दोष होता, हात अडला नव्हता. बँकवाली पुढे गेली, मग सुईताई जवळ आली, मग पुन्हा मागे पडली. दोनदा ठिपका पिवळ्याच्या कडेला अडला, दोनदा तिने दोरी उतरवली आणि पुन्हा ओढली, दोन्ही वेळा बाण सुटला. हळूसर लांबून स्वतःच श्वास मोजत होते.

शेवटचा बाण राहिला. हा बाण पिवळ्यात गेला तरी जागा मिळेल की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि सुईताईने तर हिशेब केलाच नव्हता. तिच्या डोक्यात एकच होतं, की हा एक गेला की झालं, मग कपाट नाही. आणि तेच नडलं. ओढ, टेक, ठिपका वर चढला आणि लालवर येऊन थांबला. बोटं दोरीत रुतली. तिने "झालं" म्हटलं. काही झालं नाही. पुन्हा म्हटलं. शब्द कोरडा पडला होता. उतरवायला हवं होतं, पण समोरच्या घड्याळावर वेळ इतका थोडा उरला होता की उतरवून पुन्हा ओढणं जमलंच नसतं. खांदा जळायला लागला. आजूबाजूचे सगळे मारून मोकळे झाले होते आणि आख्खं मैदान तिच्याकडे बघत होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. हळू नाही, मऊ नाही. आई खुर्चीतून उठून उभी राहिली होती, पर्स खाली पडली होती, आणि ती पोहण्याच्या शर्यतीत काठावर उभ्या असलेल्या माणसासारखी ओरडली, "सोड गं! सोड!"

नवऱ्याने डोळे मिटले. पंचांनी रागाने मागे बघितलं. हळूसरांच्या तोंडचं पाणी पळालं.

सुईताईने तो शब्द ऐकला. आयुष्यभर ऐकलेलाच शब्द. पण या आवाजात तो तिने कधी ऐकला नव्हता. हा घरी बोलावत नव्हता. बोटं कधी उलगडली ते तिला कळलंच नाही, दोरी गालाजवळून निघून गेली आणि पलीकडे थप्प झालं. पिवळ्यात, जरा खालच्या बाजूला, पण पिवळ्यात.

तिसरी जागा बँकवालीला मिळाली, थोडक्या फरकाने. सुईताई राखीव म्हणून संघाबरोबर जाणार असं पंचांनी सांगितलं, आणि पाठोपाठ प्रेक्षकांनी शांत राहावं अशी सूचना एका विशिष्ट खुर्चीकडे बघून केली. बँकवालीने येऊन सुईताईला मिठी मारली. सर किल्ली घेऊन आले आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "ताई, धनुष्य कपाटात ठेवायचं?"

"नको. घरी नेते," ती म्हणाली.

गाडीत आई मागे तिच्या शेजारी बसली.  शब्द पाळला गेला नाही याची खंत तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. नवरा आरशातून दोघींकडे बघत होता.

शेवटी आईने लेकीचा हात धरला. दोरीने बोटांवर लाल वळ उठले होते, त्यावरून ती अंगठा फिरवत राहिली.

"अगं, मी बाण म्हणत होते," ती म्हणाली. "या वेळी मी बाण सोड म्हणत होते."

"माहितीये," सुईताई म्हणाली. "म्हणून तर सुटला."